बांधावरच्या आंब्याची साल

नांदगावच्या तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर, नुकत्याच विकल्या गेलेल्या एका जमिनीच्या बांधावर, माझ्या वडिलांच्या बालपणापासून जो रायवळ आंबा उभा होता, तो या वैशाखात वाळून गेला. त्यापूर्वीच्या भाद्रपदाच्या आधीच्या भाद्रपदात, अंगावर हिरवागार पाला असताना, कोणीतरी त्याच्या बुंध्याभोवती कमरेएवढ्या उंचीवर वीतभर रुंदीचा सालीचा पट्टा कोयत्याने सोलून काढला होता. आंबा हा 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतला वृक्ष. तो तोडायचा तर अर्ज, परवाना, कचेरीतले हेलपाटे हे सारे आले. वाळलेल्या झाडाच्या बाबतीत मात्र कोणी फारशी विचारपूस करीत नाही, हे ज्याला पक्के ठाऊक होते त्याचेच हे काम.

पुढे कित्येक महिने झाडाला काही झाले आहे असे कोणाला वाटले नाही. पाणी वर चढते ते लाकडातल्या प्रकाष्ठातून, मृत कोशिकांच्या पोकळ वाहिन्यांमधून, आणि त्यांना कोयता लागला नव्हता. पानांत तयार झालेला अन्नरस खाली उतरतो तो सालीच्या आतल्या अंगाच्या परिकाष्ठातून, आणि तेच सालीबरोबर निघून गेले होते. पाने पाणी पीत राहिली, साखर वरच कोंडली, आणि पौषात तो आंबा आयुष्यात कधी मोहरला नसेल इतका मोहरला. ‘गुरुजी, झाड तर खुशाल आहे,’ असे मला वाटेत थांबवून सांगणारे भेटले. मी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा जखमेच्या वरच्या कडेला ओठासारखी सूज आली होती आणि खालची कड कोरडी, आक्रसलेली होती. सतराव्या शतकात इटलीत मार्चेल्लो मालपीघी याने झाडांची साल वलयाकार काढून हीच सूज पाहिली होती. वर मोहराचा घमघमाट सुटला होता, आणि खाली मुळे उपाशी मरत होती.

झाडाच्या आतल्या या वाटा मी शाळेत शिकवत आलो; पण माझी महाविद्यालयातली वर्षे आणि नोकरीचा पूर्वार्ध यांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. 1972 साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले, 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच वर्षी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचा ‘रत्ना’ आंबा आला. मी मात्र फळ्यावर मृदूतक, स्थूलकोनोतक, दृढोतक अशी ऊतकांची नावे लिहीत होतो आणि मुले ती पाठ करीत होती.

त्या नावांत जीव आला तो 1990 नंतरच्या दशकात. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीला सरकारने अनुदान दिले आणि कलमांना एकाएकी अशी मागणी आली की आमच्या वाडीत मृगाच्या आधीपासून पडव्यांत कोयींचे ढीग लागू लागले. त्या कोयींपैकी कितीतरी याच बांधावरच्या आंब्याच्या असत. आज या पंचक्रोशीत हापूस म्हणून जी कलमे उभी आहेत, त्यांतल्या अनेकांची मुळे या रायवळाची लेकरे आहेत. मातृवृक्षाभोवती मांडव घालून कुंडीतले रोप फांदीला बांधायचे आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची, ही भेटकलमाची जुनी रीत मागे पडली होती. विद्यापीठाने रुळवलेले कोय कलम, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर पाचर बसवून, पावसाळी दमट हवेत तीन-चार आठवड्यांत फुटत असे.

वाडीतला एक वृद्ध कलम बांधणारा त्यात निष्णात होता. त्याची सुरी रोपाच्या दांड्यातून एकदाच, न थांबता उतरे. ‘गुरुजीनू, सुरी एकदाच फिराक होयी. दोनदा फिरली काय कलम गेला,’ असे तो म्हणे. मी शाळेतले सूक्ष्मदर्शक त्याच्या पडवीत नेऊन, फसलेल्या आणि लागलेल्या कलमांचे पातळ छेद मुलांना दाखवले: दोन कापांमधली फट आधी मृदूतकाने भरते, आणि मग साल व लाकूड यांच्यामधला ऊतककर, तो ओलसर, कागदासारखा पातळ थर, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला मिळतो. काप खडबडीत असला की हे दोन थर भेटतच नाहीत. शब्द माझ्यापाशी होता, ऊतककर मात्र त्याच्या बोटांना कळत होता. ‘माडाक कलम लागणा नाय,’ हेही त्याला ठाऊक होते; माडाच्या खोडात ऊतककर नसतो, म्हणूनच त्यावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर बुजत नाहीत, हे कारण तेवढे मी पुरवले.

त्या दशकाने आम्हांला पुष्कळ दिले, पण त्याचा हिशेब अपुरा ठेवला गेला. दप्तरात लावलेल्या रोपांची संख्या चढली, जगलेल्यांची कोणी आस्थेने मोजली नाही. बागा कराराने गेल्या, आणि झाडाच्या घेराच्या मानाने बेताने घालावयाचे कल्टार करारदारांनी दोन-चार हंगामांच्या लोभाने ओतले. वाढीला लागणारे जिबरेलिन झाडात बनू न देणारे ते द्रव्य मुळांतून प्रकाष्ठावाटे शेंड्यापर्यंत जाते, आणि अतिरेक झाला की पालवी आखडून बसते. दुबळ्या झालेल्या खोडांत भिरूड शिरली. याबद्दल मी सभांतून बोललो, तेव्हा मला प्रगतीचा वैरी ठरवण्यात आले. ते बोल मी विसरलेलो नाही. पुढे शाळेतले सूक्ष्मदर्शक कपाटात गेले आणि मुले चित्रांवरून गुण मिळवू लागली. विश्वकोशाने ज्यांना प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ म्हटले त्यांना क्रमिक पुस्तके आता जलवाहिन्या आणि रसवाहिन्या म्हणतात. ही नावे सुबोध आहेत, माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. ज्या मुलाने आंब्याची ओली साल नखाने उचलून पाहिलेली नाही, त्याला कोणतेही नाव देऊन काय उपयोग?

सोललेल्या झाडावर उपाय असतो. वेळेत, जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत कोवळ्या काड्यांची टोके बसवून पूल बांधला, तर अन्नरस त्यातून उतरतो आणि झाड वाचू शकते. मी त्या पौषात असा हात शोधत वाडीभर फिरलो. म्हातारा तीन वर्षांपूर्वी वारला होता, त्याचे मुलगे कधीचे मुंबईला गेले होते, आणि त्याच्या पडवीत आता दुचाकी उभी असते. मी स्वतः चार काड्या बांधून पाहिल्या. माझी सुरी दोनदा फिरली, आणि एकही काडी लागली नाही.

झाड उतरवण्यापूर्वी पंचनामा झाला. त्यात कारण ‘वयोमानाने वाळलेले’ असे लिहिले आहे. ते खोटे आहे. त्या झाडाला उपाशी मारले गेले.