आंब्याच्या लहान व फळत्या झाडांस कोणते खत द्यावे

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाच्या नावाने होते, आणि खतांच्या बाबतीत येथील बहुतेक सवयीही कापसानेच लावलेल्या आहेत. पऱ्हाटीला खत देऊन झाल्यावर गोणीच्या तळाशी जे उरते ते बांधावरील किंवा विहिरीजवळील आंब्याच्या बुंध्याशी टाकले जाते. ते कधी डी. ए. पी. असते, कधी १०:२६:२६, कधी नुसता युरिया. झाड किती वर्षांचे आहे, महिना कोणता आहे, याचा विचार सहसा होत नाही. जुन्या आमराईतील गावरान झाडे आपली मुळे खोलवर सोडून अशा उपेक्षेतही टिकून राहिली. परंतु १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली, पुढे २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजनाही आली, आणि केसर, दशहरी, लंगडा यांची कलमे बरड व मध्यम जमिनींत लागली. कलमाचे झाड गावरान झाडाप्रमाणे सर्व काही सोसत नाही. शिवाय कपाशीतील चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. आंब्यातील चूक एका वर्षाचा मोहोर घेऊन जाते.

कपाशीच्या गोणीतील खत आंब्यास का मानवत नाही, हे प्रथम आकड्यांनी समजून घेणे बरे. पूर्ण वाढलेल्या, म्हणजे दहा वर्षांच्या व त्यापुढील झाडास वर्षाकाठी सुमारे ७३० ग्रॅम नत्र, १८० ग्रॅम स्फुरद व ६८० ग्रॅम पालाश द्यावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. यात नत्र व पालाश जवळजवळ सारखे असून स्फुरद त्यांच्या चौथ्या हिश्श्याइतकेच आहे. आता डी. ए. पी. पाहावे. त्यात नत्र १८ टक्के व स्फुरद ४६ टक्के. पालाश मुळीच नाही. एक किलो डी. ए. पी. घातले की झाडास लागणाऱ्या स्फुरदाच्या अडीच पट स्फुरद पडते, नत्र मात्र चौथाईच मिळते. १०:२६:२६ मध्ये पालाश असले तरी स्फुरदाचे प्रमाण आंब्याच्या गरजेच्या उलटेच आहे. पेरणीच्या वेळी कपाशीच्या कोवळ्या मुळांना स्फुरद हवे असते, म्हणून ही खते तिच्यासाठी योग्य ठरतात. आंब्याखाली मात्र जास्तीचे स्फुरद वर्षानुवर्षे साचत गेले तर जस्त मिळण्यास अडथळा होतो. मग पाने बारीक व अरुंद होऊन शेंड्याला गुच्छासारखी जमतात, आणि शेतकरी त्यास रोग समजून औषध फवारीत बसतो.

लहान झाडाचे काम वाढणे हे आहे. लागवडीपासून पहिली तीन-चार वर्षे त्यापासून फळाची अपेक्षा करू नये; या काळात मोहोर आला तर तो खुडून टाकावा. कलमाला पुष्कळदा दुसऱ्याच वर्षी मोहोर येतो आणि घरातील मंडळींना तो खुडवत नाही, पण चार कैऱ्यांच्या लोभाने झाडाची वर्षभराची वाढ जाते. या वयात नत्र महत्त्वाचे, पण तेही थोडे थोडे द्यावे लागते, कारण मुळांचा पसारा लहान असतो व एकदम दिलेला युरिया मुळांस भाजतो. म्हणून वर्षाची मात्रा दोन हप्त्यांत विभागावी: पहिला हप्ता मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर, दुसरा उत्तरा नक्षत्राच्या सुमारास, जमिनीत ओल असताना. ज्या कलमांस उन्हाळ्यात पाणी देण्याची सोय नाही त्यांचा दुसरा हप्ता लांबविण्यात काही लाभ नाही. ओल संपल्यावर पडलेले खत तसेच पडून राहते.

फळत्या झाडाची गोष्ट वेगळी आहे, आणि येथेच सर्वांत जास्त नुकसान होते. आंब्याचा मोहोर डहाळीच्या टोकास येतो, व तो येण्यासाठी ती डहाळी पक्व झालेली असावी लागते. आंबे उतरविल्यानंतर पावसाळ्यात जी नवीन फूट निघते, तिची तांबूस पाने पुढे हिरवी व कडक होतात, आणि थंडीच्या दिवसांत त्याच डहाळीच्या टोकाचा डोळा मोहोराच्या रूपाने उमलतो. यास तीन ते चार महिने लागतात. म्हणून नत्र हवे ते आंबे उतरल्याबरोबर, मृग-आर्द्रात, जेणेकरून फूट वेळेवर निघेल. हेच नत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळाले तर झाड त्या वेळी नवी पालवी काढते, ती थंडीपर्यंत कोवळीच राहते व मोहोर येत नाही. गव्हाच्या शेताच्या बांधावर असलेली पुष्कळ झाडे हिरवीगार दिसतात, पण फळत नाहीत. गव्हाला पाणी व युरियाचे वरखत देताना त्याचा वाटा आंब्यास आपोआप मिळतो, हे त्याचे एक मुख्य कारण होय. शेतकरी म्हणतो झाड माजले. झाडाला खत नको झालेले नसते. ते अवेळी मिळालेले असते.

तेव्हा फळत्या झाडास शेणखत, स्फुरद व पालाश यांची संपूर्ण मात्रा आणि नत्राचा मोठा भाग पावसाच्या आरंभीच द्यावा. काही पुस्तकांत निम्मे नत्र ऑक्टोबरात द्यावे असे लिहिलेले आढळते. या जिल्ह्यात पाऊस सरल्यावर हा हप्ता देण्यापेक्षा, द्यावयाचाच असल्यास तो सप्टेंबरच्या मध्यापूर्वी देणे सुरक्षित आहे. त्यानंतर मोहोर फुटेपर्यंत नत्रही नको व पाणीही नको. फळे वाटाण्याएवढी झाली म्हणजे पाणी सुरू करावे. ज्या वर्षी झाड फार लदलेले असते त्या वर्षी ते अगदी रिते होते. अशा झाडास आंबे उतरल्यावर खत देण्यात पंधरा दिवसांचीही दिरंगाई करू नये, नाहीतर पुढील वर्ष कोरडे जाण्याचा संभव वाढतो. एकाआड एक वर्ष फळण्याची खोड दशहरी व लंगडा या जातींत आहेच. खताने ती नाहीशी होत नाही, मात्र उपाशी झाडात ती अधिक तीव्र होते.

कोणते खत निवडावे हे जमिनीवरही अवलंबून आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या काठची काळी जमीन खोल व बहुधा चुनखडीयुक्त आहे. उंचवट्यांवर उथळ, मुरमाड बरड आहे. चुनखडीच्या जमिनीत हाडांचे चूर्ण लवकर विरघळत नाही. ते कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीस उपयुक्त, येथे त्यावर पैसा खर्च करू नये. येथे स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट चांगले. त्यात स्फुरद १६ टक्के असून गंधकही मिळते. ते शेणखतात मिसळून दिले म्हणजे चुन्याशी बद्ध होऊन वाया जाण्याचे प्रमाण कमी होते. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडते, परंतु त्यात क्लोराईड असते. विहिरीचे पाणी मचूळ असेल किंवा पानांची टोके व कडा करपलेल्या दिसत असतील तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे. काळ्या जमिनीत पालाशाचा साठा बहुधा चांगला असतो. मृद आरोग्य पत्रिकेत तो भरपूर दाखविला असेल तर मात्रा कमी करण्यास हरकत नाही. जस्ताची उणीव दिसल्यास १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट व २५० ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारावे.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. वयाच्या प्रत्येक वर्षामागे १७० ग्रॅम युरिया, ११० ग्रॅम सुपर फॉस्फेट व ११५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दहाव्या वर्षी हे अनुक्रमे १ किलो ७०० ग्रॅम, १ किलो १०० ग्रॅम व १ किलो १५० ग्रॅम होते, आणि तेथेच थांबते. चाळीस वर्षांच्या झाडास चौपट खत लागते ही समजूत चुकीची आहे. समजा, एखाद्याकडे पाच वर्षांची ४० कलमे आहेत. त्यांना वर्षाला ३४ किलो युरिया, २२ किलो सुपर फॉस्फेट व २३ किलो म्युरेट पुरते. युरियाची गोणी हल्ली ४५ किलोंची येते, म्हणजे एक गोणीही संपत नाही. घरात डी. ए. पी.च असेल तर मोठ्या झाडास ४०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये. त्यासोबत युरिया १ किलो ४०० ग्रॅम व म्युरेट वरीलप्रमाणेच द्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची दहाव्या वर्षी तीन किलो युरिया व तीन किलो सुपर फॉस्फेट ही शिफारस कोकणच्या अतिपावसाच्या, निचऱ्याच्या जमिनीसाठी आहे. तेथील छापील तक्ता पाहून येथे तेवढे खत घालण्याचे कारण नाही.

भरखताशिवाय ही जोरखते पुरती उपयोगी पडत नाहीत. पहिल्या वर्षी १० किलो शेणखतापासून सुरुवात करून दहाव्या वर्षी ५० किलोंपर्यंत जावे. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणातून हुमणी येते व वाळवीही लागते. शेणखत अपुरे असेल तेथे पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करावे. निंबोळीची ढेपही चांगली. सरकीची ढेप जनावरांच्या तोंडची काढून झाडास घालणे आता कोणास परवडणारे नाही.

खत बुंध्याशी टाकू नये. अन्न घेणारी बारीक मुळे तेथे नसतात, आणि साल मात्र खराब होते. दुपारी झाडाची सावली जेथे संपते त्याच्या थोडे आत, १५ ते २० सेंटिमीटर खोल व वीतभर रुंद असा गोल चर काढावा, त्यात शेणखत व खते मिसळून पसरावीत आणि मातीने झाकावे. उतारावरील बरड जमिनीत पूर्ण गोलाऐवजी वरच्या बाजूने अर्धगोल चर काढला तर पावसाचे पाणीही त्यात मुरते. लहान कलमांस आळ्यातच, खोडापासून हातभर दूर खत द्यावे. चर काढताना जाड मुळे लागली तर ती तोडू नयेत, चर थोडा बाहेर सरकवावा. खत दिल्यावर आठवडाभर पाऊस आला नाही तर प्रत्येक लहान कलमास दोन घागरी पाणी घालणे आवश्यक आहे.