शेवटाकडून सुरुवात करणारा शेकी

फळीवरचा लाडवांचा डबा हवाय, पण हात पोहोचत नाही. मग? स्टूल आणायचं, चढायचं, डबा काढायचा. सोप्पं! पण हे सुचलं कसं, आठवून पाहा बरं. आधी दिसला डबा. मग वाटलं, उंची हवी. मग, उंचीसाठी स्टूल हवं. आणि स्टूल तर गॅलरीत! पाय स्टुलाकडे निघाले खरे, पण डोकं डब्यापासून मागे मागे येत होतं.

हीच युक्ती अमेरिकेत शेकी नावाच्या रोबोला शिकवली होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1966 ते 1972 या काळात तो घडला. चाकांवर चालायचा आणि चालताना थरथरायचा, म्हणून नाव शेकी. वर कॅमेरा होता, पण मेंदू अंगात नव्हताच! तो होता दुसरीकडच्या भल्यामोठ्या संगणकात. दोघं रेडिओवरून बोलायचे.

1971 साली रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी त्याच्यासाठी 'स्ट्रिप्स' हा प्रोग्राम मांडला. त्यात प्रत्येक कृतीची जणू एक चिठ्ठीच असते. कृती करण्याआधी काय खरं असायला हवं? केल्यावर नवीन काय खरं होतं? आणि काय खरं उरत नाही? हा तिसरा प्रश्न मला फार आवडतो. शेकी पलीकडच्या खोलीत गेला, पण 'शेकी अलीकडच्या खोलीत आहे' हे वाक्य खोडायचं राहिलं, तर संगणकाच्या लेखी तो एकाच वेळी दोन्ही खोल्यांत! आपल्याला जे न सांगता कळतं, ते यंत्राला असं एकेक करून सांगावं लागतं.

स्ट्रिप्सला घातलेलं एक कोडं होतं: उंचावरचं बटण दाबून दिवा लाव. प्रोग्राम बटणापासून मागे आला. बटणाला पोहोचायला खोक्यावर चढायला हवं, खोकं बटणाखाली हवं, म्हणजे आधी खोक्यापाशी जायला हवं. झाली योजना तयार! गंमत म्हणजे चाकांचा शेकी खोक्यावर चढूच शकत नव्हता. तरी योजना अगदी बरोबर होती.

शेकी आता कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या संगणक-संग्रहालयात आहे. तुम्ही आज एक करा. 'दप्तर भरणे' या कामाच्या चिठ्ठ्या लिहा. आणि हो, पुस्तक दप्तरात गेलं की 'पुस्तक टेबलावर आहे' हे खोडायला विसरू नका!