आधी पाचोळा, मग बेडूक

सोसायटीच्या आवारात बदामाचं झाड असलं की पानगळीत कुरकूर ठरलेली. पंजाहून मोठी लालबुंद पानं गाड्यांच्या टपांवर, जिन्यात, गटाराच्या जाळीवर पडतात. सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा तेवढीच. मुंबईत ज्या पानांनी कचऱ्याचे डबे भरतात, तीच पानं अमेरिकेत आणि युरोपात पाकिटातून, मोजून विकली जातात. गिऱ्हाईक बरेचदा काचेच्या पेटीत बेडूक पाळणारा असतो.

बेडूकही साधासुधा नाही. 'डेन्ड्रोबेटिस टिंक्टोरियस' हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, म्हणजे गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि ब्राझीलच्या उत्तर भागातला रहिवासी. लांबी चार-पाच सेंटिमीटर. सुरिनामच्या सिपालिविनी भागातला याचा निळा भाऊ तर शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा दिसतो, वर काळे ठिपके. दिवसाढवळ्या उघड्यावर हिंडतो, लपत नाही. आपल्या रंगाची पाटी वाचून शत्रूच लांब राहतो, हा त्याचा भरवसा. इंग्रजीत या कुळाला 'पॉयझन डार्ट फ्रॉग' म्हणतात. असा जीव दिवाणखान्यात ठेवायची हौस जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेत चांगलीच रुजली आहे.

या हौसेत पडणारा बहुतेक जण एकच चूक करतो. आधी बेडूक ठरवतो, मग त्याच्यासाठी पेटी शोधतो. खरं तर बेडूक हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. कारण समजून घ्यायला त्याच्या विषापासून सुरुवात करावी लागते.

विष बेडकाचं नाही, जंगलाचं

या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत. बाणाला विष लावण्यासाठी मात्र त्यातल्या मोजक्याच वापरल्या जात, आणि नाव पडलं सगळ्या कुळाला. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलांत राहणारे एम्बेरा लोक फुंकनळीतून मारायच्या बारीक बाणांची टोकं बेडकाच्या पाठीवर घासत. त्यातला सर्वांत जहरी, सोनेरी रंगाचा 'फायलोबेटिस टेरिबिलिस'. १९७८ साली चार्ल्स मायर्स, जॉन डॅली आणि बोरिस माल्किन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. एका बेडकाच्या कातडीत साधारण एक मिलिग्रॅम विष असतं आणि तेवढं दहाएक माणसांना पुरतं, असा अंदाज दिला जातो.

हाच बेडूक काचेच्या पेटीत जन्मला आणि वाढला की निर्विष होतो. तो विष स्वतः बनवत नाही. पाचोळ्यातल्या मुंग्या, कोळ्यांच्या जातीचे अतिसूक्ष्म माइट्स, बारीक भुंगेरे यांच्या अंगात असलेली रसायनं खाण्यातून त्याच्या पोटात जातात आणि कातडीतल्या ग्रंथींमध्ये साठतात. डॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामातल्या बेडकांवर हे पडताळून पाहिलं. घरात चिलटांवर वाढवलेल्या बेडकांच्या कातडीत विष सापडलं नाही, पण पनामाच्या जंगलातल्या पाचोळ्यातले किडे खायला घातल्यावर ते दिसू लागलं.

म्हणजे बेडकाचं शस्त्र त्याच्या पायाखालच्या पाचोळ्यात घडतं. पेटीत सगळं जंगल उभं करता येतं, तेवढं विष सोडून. पेटी कशी भरायची याचं उत्तरही इथेच आहे. हा प्राणी झाडावरचा किंवा तळ्यातला असण्याआधी पाचोळ्यातला आहे. पाचोळा जगला, तर तो जगेल.

भोक नसलेली कुंडी

काचेत झाडं जगवायची कल्पना बेडकांच्या हौसेहून कितीतरी जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांनी १८२९च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. दिवसा बाटलीतली वाफ काचेवर जमायची आणि पाणी होऊन पुन्हा मातीत उतरायचं. याच तत्त्वावर बनलेल्या 'वॉर्डियन केस'मधून पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधली चहाची रोपं भारतात पोचवली. आपल्या सकाळच्या चहामागे एक काचपेटी आहे.

बेडकांच्या पेटीत एक फरक पडतो. इथे रोज पाऊस पाडायचा असतो, पण पाण्याला बाहेर जायला वाट नसते. भोक नसलेल्या कुंडीत रोज पाणी ओतत राहिलं तर काय होईल? माती चिखल होते, तिच्यातली हवा संपते, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो, मुळं काळी पडतात. म्हणून पेटी खालून वर बांधतात.

एका जोडीसाठी ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच, समोरून दार उघडणारी पेटी चालते. तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या, सच्छिद्र गोळ्यांचा साधारण पाच सेंटिमीटरचा थर. जास्तीचं पाणी इथे उतरून थांबतं आणि साचलं की नळीने ओढून काढता येतं. त्यावर डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी अंथरायची, नाहीतर माती खाली घसरते आणि पहिल्या थराचा उपयोग संपतो. जाळीवर मिश्रण. ते कुंडीतल्या काळ्या मातीचं नसतं. ऑर्किडची साल, वृक्षनेच्याच्या खोडाचे तंतू, पीट, कोळसा आणि स्फॅग्नम शेवाळ एकत्र केलेलं हे भरड मिश्रण अटलांटाच्या बोटॅनिकल गार्डनच्या नावाने 'एबीजी मिक्स' म्हणून ओळखलं जातं. वर्षानुवर्षं ओलं राहूनही ते दबून घट्ट बसत नाही, हा त्याचा गुण.

मागची भिंत नुसत्या काचेची ठेवत नाहीत. फोम फवारून तिला खडबडीत आकार देतात, वर सिलिकॉन फासतात आणि ते ओलं असतानाच कोकोपीट दाबून बसवतात. दूरदेशीच्या या हौसेत नारळाचा काथ्या असा घरच्यासारखा येऊन बसतो. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पेटीत काही जिवंत ठेवायचं नाही. बुरशीरोधक औषध मिसळलेलं, बाथरूमसाठी विकलं जाणारं सिलिकॉन तर वापरायचंच नाही. बेडूक कातडीतून पाणी पितो आणि कातडीतूनच श्वासही घेतो. पेटीत जे असेल ते त्याच्या अंगात जाणार.

झाडांनाही हाच नियम. रोपवाटिकेतली माती धुऊन काढायची, खत-कीटकनाशकाचा अंश राहू द्यायचा नाही. भिंतीला चिकटून चढणारा फायकस प्युमिला, पेपरोमिया, छोट्या पानांचे फिलोडेंड्रॉन उत्तम. मनीप्लांट जगतो, पण इतका जगतो की वर्षभरात बाकीच्यांना झाकून टाकतो. अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड मातीत लावली तर बुडखा कुजतो, म्हणून ती सालीच्या तुकड्यावर बांधतात. तिच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. पनामा-कोस्टारिकातल्या चिमुकल्या 'ऊफागा प्युमिलिओ' जातीची मादी अशा बेचक्यांमध्ये एकेक बेडूकमासा सोडते, आणि त्याला खायला म्हणून स्वतःची न फळलेली अंडी घालायला पुन्हा पुन्हा येते.

पाचोळ्यातली वस्ती

आता येतो पाचोळा. ओकची, मॅग्नोलियाची किंवा आपल्या बदामाची वाळलेली पानं उकळून, निथळून दोन-तीन सेंटिमीटर जाड पसरायची. बदामाचं पान जाड आणि टिकाऊ. ते हळूहळू कुजतं, वाळताना पन्हाळीसारखं वळतं आणि खाली बेडकाला लपायला जागा होते.

या पाचोळ्यात बेडकाच्या आधी दोन जातींची वस्ती करायची. एक स्प्रिंगटेल: मिलिमीटरभर लांबीचे पांढरे जीव, धक्का लागला की टुणकन उडणारे. दुसरे आयसोपॉड, कुंडी उचलल्यावर खाली ओलाव्यात सापडणाऱ्या राखाडी चपट्या किड्यांचे बुटके पांढरे भाऊबंद. ही या पेटीची नगरपालिका. कुजकी पानं, बुरशी आणि पुढे बेडकाची विष्ठा, सगळ्याची विल्हेवाट हेच लावतात.

पेटी लावून आठ-दहा दिवस झाले की लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. नवशिका इथे घाबरतो. सगळं फेकून पुन्हा धुवायला घेतो. धीर धरला तर दुसरंच दिसतं. बुरशीच्या कडेला पांढरे ठिपके जमतात, रोज ती कड थोडी मागे सरते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाकूड स्वच्छ होतं. बुरशी हे स्प्रिंगटेलचं जेवण होतं. ते संपेपर्यंत त्यांची प्रजा वाढलेली असते. म्हणून पेटी निदान महिना-दीड महिना बेडकाविना चालवायची. या काळात गळती कळते, कोणतं झाड तग धरतं ते कळतं आणि तापमानाचा अंदाज येतो.

तापमानाचं गणित कडक आहे. २२ ते २६ अंश सेल्सिअस उत्तम. तिशीच्या वर बराच वेळ गेला तर बेडूक दगावतो. दमटपणा ७० टक्क्यांच्या वर हवा, पण हवा कोंडता कामा नये. पाणी आरओचं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या कातडीला सोसत नाही. एलईडीचा उजेड रोज बारा तास.

चिलटांची शेती

या बेडकाला मेलेलं अन्न कळत नाही. हललं नाही तर ते खाणं नव्हेच. म्हणून पाळणाऱ्याला आधी चिलटं पाळावी लागतात. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं ते चिलट म्हणजे ड्रोसोफिला, आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांतलं जुनं गिऱ्हाईक. उडता न येणारे त्याचे वाण तिथलेच. डब्यात बटाट्याच्या पिठाचं खाद्य आणि यीस्ट घालून ही चिलटं वाढवतात. पिढी तयार व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला नवा डबा लावायचा. एक आठवडा चुकला की पंधरा दिवसांनी बेडूक उपाशी.

भरवायच्या वेळी चिलटं पेल्यात झटकून घ्यायची, वर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड टाकून पेला गोल फिरवायचा. पीठ लावल्यासारखी पांढरी झालेली चिलटं पाचोळ्यावर पडतात आणि पानाखालून बेडूक निघतो. तो झेप घेत नाही. दोन पावलं चालतो, थांबतो, मान तिरकी करतो. मागच्या पायाचं मधलं बोट टपटप आपटायला लागतं, तबल्यावर बोट चालावं तसं. मग जीभ कधी गेली आणि कधी आली, ते डोळ्यांना कळतच नाही. चिलट मात्र जागेवर नसतं. ही पूड टाळली तर हाडं ठिसूळ होतात. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर जीभ भक्ष्याला नीट चिकटेनाशी होते आणि भरल्या ताटासमोर बेडूक वाळत जातो.

टिंक्टोरियसच्या माद्या एकमेकींशी भांडतात, म्हणून पेटीत एकच जोडी बरी. अंडी घालायला त्यांना आडोसा लागतो आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यासाठी शोधलेली वस्तू म्हणजे नारळाची करवंटी. उपडी ठेवायची, कडेला दार कापायचं, आत काचेची बशी सरकवायची. मादी बशीत चार-पाच अंडी घालते. पुढचं बाळंतपण बापाकडे. तो अंडी ओली ठेवतो, आणि बेडूकमासे बाहेर आले की त्यांना पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेतो.

बेडूक कुठून आला?

पेटी कितीही सुंदर असली तरी हा प्रश्न उरतोच. २०१९ साली बोगोटाच्या विमानतळावर कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांत कोंबलेले चारशेहून अधिक विषारी बेडूक पकडले गेले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच विमानतळावर एका प्रवासी महिलेकडे तशाच डब्यांत १३० बेडूक सापडले. हे बेडूक १९८७ पासून साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याविना आंतरराष्ट्रीय व्यापार बेकायदा. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइटिसमधल्या जाती आल्या. असा प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' संकेतस्थळावर नोंद करणं बंधनकारक आहे. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे पाठ फिरवावी.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. जगभर उभयचरांच्या ५०० हून अधिक जातींना घरघर लावणाऱ्या कायट्रिड बुरशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९९९ साली झालं. ते ज्या बेडकावरून झालं, तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातला निळा टिंक्टोरियसच होता. म्हणून नवा बेडूक निदान महिनाभर वेगळा ठेवतात, आणि पेटीतलं पाणी, माती, रोपं कधीही बाहेरच्या ओढ्यात किंवा बागेत टाकत नाहीत. आपल्या शेतातला, घाटातला बेडूक पकडून पेटीत टाकण्याचा विचारही याच कारणाने नको.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि वीज जाण्याच्या वेळापत्रकात ही हौस एसीशिवाय आणि इन्व्हर्टरशिवाय झेपणारी नाही. पण पेटी झेपते. जाळी, कोकोपीट, कोळसा, बदामाची पानं, दोन रोपं आणि पाचोळ्यातले किडे: यातलं बहुतेक सारं जवळपास मिळतं आणि कोणत्याही परवान्याची गरज नाही. ज्यांना पुढे कायदेशीर कागदांसह बेडूक आणायचाच आहे, त्यांनी आधी एक पूर्ण उन्हाळा ही पेटी रिकामी चालवून दाखवावी. झाडं, बुरशी आणि स्प्रिंगटेल जून उजाडेपर्यंत टिकले, तर बेडकाचा विचार करायला हरकत नाही. नाही टिकले, तर एक बेडूक वाचला म्हणायचं.