इंजिनचा पिवळा दिवा आणि स्वस्त कोड-वाचक यंत्र : घेताना काय पाहावे?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. मालक "चालतेय ना, मग चालू दे" म्हणून महिने काढतो, नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन "सेन्सर गेला" या दोन शब्दांवर पैसे मोजून येतो. महाड-पोलादपूरकडील आम्हा दुकानदारांना या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत. भिवंडीहून कापडाच्या गाठी आणणारी, आठवडी बाजाराला जाणारी आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरकडे माल पोचवणारी गाडी बहुतेकांकडे एकच असते. ती घाटात बंद पडली की त्या दिवसाची विक्री तर जातेच, वर टोचनचे भाडे पडते. म्हणून हा दिवा काय सांगतो ते स्वतः वाचता येणारे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, याबद्दल आमचा अनुभव व्यापारी बंधूंसमोर ठेवीत आहोत.

आजच्या गाडीत इंजिनवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक असतो. त्याला कुठे बिघाड जाणवला की तो एक अक्षर आणि चार आकडे असा कोड नोंदवून ठेवतो व दिवा लावतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात यंत्र खोवले की हा कोड वाचता येतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना तिची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली. आपल्या देशात बीएस-४ गाड्यांना पहिली पायरी एप्रिल २०१० पासून आणि दुसरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली. पण बीएस-४ आधी फक्त तेरा शहरांत आले, देशभर एप्रिल २०१७ मध्ये. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. हा हिशेब सांगण्याचे कारण असे की, आपल्या गावांत अजून धावणाऱ्या बीएस-३ जीप व जुन्या मोटारींत सॉकेट दिसले तरी सामान्य यंत्र त्यांच्याशी बोलेलच असे नाही. तेव्हा आधी आरसी बुक उघडून गाडी कोणत्या सालची व कोणत्या बीएसची आहे ते पाहावे, मग पाकिटात हात घालावा.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती ब्लूटूथची डबी. काही शे रुपयांत येते आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखे अ‍ॅप टाकून चालते. तिच्यावर "ईएलएम ३२७" असे लिहिलेले असते. ही चिप कॅनडातील एका कंपनीची. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून बाजार नकलांनी भरलेला आहे. त्यामुळे "ओरिजिनल आहे, शेठ" असे कोणी म्हणाले तर हसून घ्यावे. नक्कल असली म्हणून निकामी असते असे नाही, बऱ्याच चांगल्या चालतात. मात्र हलक्या नकलांत गाडीशी बोलण्याच्या काही पद्धती गाळलेल्या असतात. त्या नव्या गाड्यांशी जुळतात, पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या काही गाड्यांशी जुळत नाहीत. म्हणून परत घेण्याच्या बोलीवरच घ्यावी आणि त्याच दिवशी स्वतःच्या गाडीला लावून पाहावी. आयफोनवाल्यांनी वायफायची किंवा आयफोनला चालते असे स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. काम झाले की डबी काढून ठेवावी. सॉकेटला बॅटरीचा प्रवाह कायम असतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर डबी बॅटरी उतरवते.

त्याच्या वरचे यंत्र म्हणजे स्वतःचा पडदा व वायर असलेला हातातला वाचक. हा दीड-दोन हजारांपासून मिळतो. मोबाइल लागत नाही, जोडणी तुटत नाही, मुलगा किंवा ड्रायव्हर कोणीही वापरू शकतो. आमच्या मते एक-दोन गाड्या असलेल्या दुकानदाराने हाच घ्यावा. ब्रेकचे एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स यांचे कोड मात्र तो बहुधा वाचत नाही. ती यंत्रे कित्येक हजारांची असतात. लाँच, ऑटेल अशा चिनी कंपन्यांची चांगली येतात, पण तो गॅरेजवाल्याचा माल आहे. आपल्या मिस्त्री बंधूंपैकी ज्यांच्याकडे रोज गाड्या येतात त्यांनी ती जरूर घ्यावीत. आज ना उद्या त्यांच्याशिवाय गॅरेज चालणे कठीण आहे. घेताना सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे फुकट आहे ते आधी विचारावे. यंत्र एकदाच विकत घेतले जाते, अपडेटचे पैसे दरवर्षी लागू शकतात. आणखी एक सावधगिरी : बारा व्होल्टचे स्वस्त यंत्र चोवीस व्होल्टच्या ट्रकला लावू नये, जळून जाईल.

आता खरी गोष्ट. यंत्र कोड सांगते, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. हकिमाने नाडी पाहून "ताप आहे" म्हणावे तसे आहे ते, तापाचे कारण पुढे शोधावे लागते. पी ०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ इंजिनात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पुष्कळदा यात ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि दोष निघतो हवेच्या रबरी पाइपला पडलेल्या चिरेत. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण नीट होत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर मिस्त्रीला सांगावे, पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लावून पाहा. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर वगैरे पाहायचे. या तपासणीला एक रुपयाचाही भाग लागत नाही. हा दिवा स्थिर असेल तर जपून घरी येता येते. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते.

बीएस-६ डिझेल पिकअपवाल्यांनी पी २४६३ हा कोड लक्षात ठेवावा. धुराची काजळी अडवणारी जाळी भरत आल्याची ही खूण आहे. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. बाजारपेठेतल्या बाजारपेठेत फिरणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. खूण सुरुवातीलाच दिसली तर महामार्गावर एक लांब फेरी मारून काम भागू शकते. फार भरली तर ती यंत्राने जाळून घ्यावी लागते, आणि ते स्वस्त वाचकाचे काम नव्हे.

कोड नसतानाही यंत्राचा उपयोग आहे. इंजिन चालू असताना पाण्याचे तापमान व बॅटरीचा व्होल्ट दोन्ही आकड्यांत दिसतात. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे असे बहुतेक गाड्यांत समजावे. घाट चढताना तापमान रोजच्यापेक्षा वर सरकू लागले तर ते काट्यावर दिसण्याआधी इथे कळते. आकडे शेजारच्याने पाहावेत, चालवणाऱ्याने नव्हे.

आणि सर्वांत जास्त पैसे वाचतात ते जुनी गाडी विकत घेताना. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, त्यात किती गाड्या बुडाल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून दूरच्या बाजारात विकल्या जातात, आणि दुसऱ्या गावच्या तशाच गाड्या आपल्याकडे येतात. कपड्याचा तागा आपण वरची घडी पाहून घेत नाही, उलगडून पाहतो. इथेही तसेच करावे. आधी सॉकेटच्या पिना पाहाव्यात. ते खाली असते, गाडीत पाणी शिरले तर तिथे गंज, हिरवट थर किंवा वाळलेला गाळ राहतो. मग यंत्र लावून यू अक्षराने सुरू होणारे कोड आहेत का पाहावे. हे कोड गाडीतील संगणकांचा एकमेकांशी संपर्क तुटल्याचे असतात.

कोड एकही नाही म्हणून लगेच खूश होऊ नये. विकणारा सौद्याच्या सकाळी सगळे कोड पुसून आणू शकतो, त्याला अर्धे मिनिट लागते. पण पुसल्याची खूण राहते. यंत्रात "रेडिनेस" नावाचा भाग असतो, त्यात गाडीच्या आत्मपरीक्षणाच्या नोंदी दिसतात. कोड पुसले की त्या "अपूर्ण" होतात आणि काही दिवस गाडी चालल्यावरच भरतात. पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही दिसते. तो आकडा दहा-वीस असेल तर कारण विचारावे. बॅटरी काढल्यानेही असे होऊ शकते, त्यामुळे लगेच कोणाला खोटे ठरवू नये. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा दाखवा, असे म्हणावे. बऱ्याच गाड्यांत संगणकातील सतरा अक्षरी चासी क्रमांकही वाचता येतो. तो आरसीशी व चासीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

आपल्या स्वतःच्या गाडीचे कोड मात्र घाईने पुसू नयेत. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, तापमान किती, इंजिनवर भार किती याची नोंदही संगणकाजवळ असते. कोडसोबत तीही पुसली जाते, आणि मिस्त्रीच्या हाती काही उरत नाही. आधी पडद्याचा फोटो काढावा व गॅरेजमध्ये तोच दाखवावा. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. एकट्याने खर्च करायचा नसेल तर गल्लीतील तीन-चार दुकानदारांनी मिळून एक हातातला वाचक घ्यावा आणि तो कोणाकडे गेला याची वही ठेवावी. रोज लागणारी वस्तू नव्हे ही.