एका फेरीत दोन चित्रपट

बेट म्हटले की माडांची रांग, निळा समुद्र आणि फुटलेली नाव डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्ष बेट आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हे चित्र पसरवण्यात १९५० च्या दशकातील अल्पखर्ची अमेरिकन साहसपटांचाही हात आहे.

रॉजर कॉर्मन हे निर्माते-दिग्दर्शक हिशेबाला पक्के. १९५६ मध्ये त्यांनी कलाकार व तंत्रज्ञ हवाईतील कवाई बेटावर नेले आणि प्रवासखर्च वसूल व्हावा म्हणून लागोपाठ दोन चित्रपट उरकले. एक चोरांचा, दुसरा 'शी गॉड्स ऑफ शार्क रीफ' (१९५८). समुद्र, ऊन, झाडी, सारे फुकट! चोरांच्या कथेचा सांगाडा तर पुढे बर्फाळ डोंगरात नेऊन 'बीस्ट फ्रॉम हॉन्टेड केव्ह' (१९५९) मध्ये पुन्हा वापरला गेला.

स्नेहसंमेलनात आम्हीही एकाच पडद्यावर तीन नाटुकली बसवतो, तेव्हा काटकसरीला नावे ठेवणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. 'शार्क रीफ'मध्ये बेटावरील लोक शार्क देवाला मुलीचा बळी द्यायला निघतात. हवाईच्या परंपरेत मात्र कित्येक घराणी शार्कला आपला रक्षक पूर्वज मानत आली आहेत. शिवाय त्या काळी कवाईत उसाचे मोठमोठे मळे होते. जपान, फिलिपाइन्सहून आलेल्या मजुरांची मुले तेथे शाळेत जात होती. कॅमेरा समुद्राकडे तोंड करून उभा होता. ती मुले त्याच्या पाठीमागे राहिली.