युद्धावरून परतलेल्याची नैतिक जखम

आजचा विषय मानसोपचाराचा आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. तेव्हा उपचार कसा करावा हे मी सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. मला बोलायचं आहे ते त्या उपचाराच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाबद्दल. परतलेला सैनिक म्हणतो, ‘माझ्या हातून वाईट घडलं.’ हे आजाराचं लक्षण मानायचं, की खरं विधान?

उदाहरण घेऊ अमेरिकेचं. व्हिएतनामला गेलेला सैनिक साधारण वर्षभरासाठी जायचा. बऱ्याचदा एकटा जायचा आणि एकटाच परत यायचा. आज जंगलात, चार दिवसांनी आईच्या स्वयंपाकघरात! मग झोप उडालेली, जरा आवाज झाला की दचकणं, बायकोमुलांवर भडकणं. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काही माजी सैनिक एकत्र बसून मनातलं बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसत. पुढे १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘पीटीएसडी’ हे नाव आलं. त्यामागे या लोकांचा रेटा होता.

आता उपचार. एडना फोआ यांच्या पद्धतीत माणूस ती आठवण डोळे मिटून, वर्तमानकाळात, मोठ्यानं पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. म्हणजे बघा, ज्यापासून मन पळतं तिथंच त्याला सावकाश नेऊन बसवायचं. होता होता मनाला कळतं, की ही आठवण आहे, प्रसंग संपलेला आहे. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत साधारण बारा बैठकांची. तिथं विचार तपासतात. समजा, एक ड्रायव्हर म्हणतो, ‘मी दुसरा रस्ता घेतला असता तर माझे मित्र वाचले असते.’ त्याला विचारतात, सुरुंग तिथं आहे हे त्या क्षणी तुला ठाऊक होतं का? नव्हतं. मग आज कळलेल्या गोष्टीवरून कालच्या स्वतःला शिक्षा कशाला?

इथवर ठीक. पण ज्यानं खरोखरच निरपराध माणसावर गोळी झाडली, त्याचं काय? त्याला ‘तुझा दोष नाही’ म्हटलं, तर तो उठून जाईल, आणि मला वाटतं, बरोबरच करेल. कारण त्याची अपराधाची भावना म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी अजून जिवंत असल्याचा पुरावा आहे. तीच काढून घेतली, तर आपण कोणाला बरं केलं?

बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ साली ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं. त्यात होमरच्या अकिलीसशेजारी त्यांनी आपले रुग्ण बसवले. अकिलीसचं बिनसलं ते सेनापतीनं अन्याय केला तेव्हा. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानंच न्याय्य गोष्टीचा घात करायचा, आणि तोही जीवनमरणाच्या वेळी, याला शे ‘नैतिक जखम’ म्हणतात. पुढे ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेत स्वतःच्या हातून घडलेली कृत्यंही घेतली. त्यांच्या उपचारात सैनिक मनातल्या मनात एका आदरणीय व्यक्तीसमोर कबुली देतो, ती काय म्हणेल ते स्वतःच बोलतो, आणि भरपाई म्हणून काय करता येईल ते ठरवतो.

आपल्याला हे परकं वाटायला नको. अर्जुनाचा विषाद युद्धाआधीचा, तो सगळ्यांना पाठ. युधिष्ठिराचा विषाद युद्धानंतरचा. कर्ण सख्खा भाऊ होता हे कळल्यावर त्याला राज्य नको होतं, वनात जायचं होतं. भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास सगळे त्याला समजावतात. केवढं मोठं शांतिपर्व! एवढ्या लांबीचं कारण मला असं दिसतं, की हे दुःख एका वाक्यात मिटत नाही. आणि व्यास त्याला प्रायश्चित्ताचा मार्गही दाखवतात. म्हणजे काही घडलंच नाही, असं कोणी म्हणत नाही.

आता घरच्यांविषयी. सैनिकाला गर्दी सोसत नाही म्हणून घर लग्नाला जाणं सोडतं. मुलांना सांगितलं जातं, बाबांना काही विचारू नका. हे सगळं मायेपोटी होतं, पण त्यामुळे टाळण्याची सवय पक्की होते आणि आजार घरभर पसरतो. कॅन्डिस मॉन्सन यांनी पतिपत्नींसाठी पंधरा बैठकांची पद्धत बसवली. दोघं मिळून आधी आजार समजून घेतात, मग टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणंही कमी झाली आणि नात्यातलं समाधानही वाढलं.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं धाडणाऱ्या गावातले कोणी ऐकत असतील, तर एवढंच सांगतो. ‘विसरून जा’ म्हणू नका, आणि बोल म्हणून मागेही लागू नका. तो बोलेल तेव्हा पूर्ण ऐका, निवाडा देण्याची घाई करू नका. झोप उडाली, दारू वाढली, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र थांबू नका, डॉक्टर गाठा.

आणि आपण बाकीचे? त्याला आपल्या नावानं पाठवलं होतं. मग त्याच्या ओझ्यात आपला वाटा किती? यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊ या.