दीर्घलहरींवरील हौशी रेडिओ : प्रारंभ कोठून करावा?

हौशी रेडिओचे नाव घेताच उंच मनोऱ्यावर उभारलेल्या आकाशकाचे, म्हणजे अँटेनाचे, चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, मुंबई–आग्रा मार्गालगत वसलेल्या सोनगीर गावी एखाद्या विद्यार्थ्याने हा छंद आरंभावयाचे ठरविले, तर त्याची दृष्टी प्रथम किल्ल्याच्या टेकडीकडे वळेल, हे स्वाभाविक आहे. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात; त्यांच्यापुरता हा विचार योग्यही ठरतो. परंतु ज्या लहरींची लांबी शेकडो अथवा हजारो मीटर असते, त्यांना तो लागू पडत नाही. तेथे टेकडीच्या माथ्यापेक्षा पायथ्याची ओलसर जमीन अधिक मोलाची असते. आणि बोलण्यापूर्वी पुष्कळ काळ ऐकावे लागते. असे का, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

सोडलेल्या लहरींकडे पुनरागमन

बिनतारी संदेशवहनाच्या आरंभकाळी दूरचे अंतर गाठावयाचे तर दीर्घ लहरीच हव्यात, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९१२ साली अमेरिकेतील कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी लांबीच्या, म्हणजे त्या वेळी निरुपयोगी मानल्या गेलेल्या, लहरींवर लोटले. परिणाम मात्र अनपेक्षित झाला. १९२३ साली सुमारे ११० मीटर लांबीच्या लहरींवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी केंद्रांत अटलांटिकपार दुतर्फा संभाषण घडून आले. पुढे व्यापारी संस्थांनीही लघुलहरींची वाट धरली. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान लघुलहरींची ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण पुण्याजवळील खडकी येथून, तर ग्रहण दौंड येथे होत असे. दीर्घ लहरी मुख्यतः नौकानयन, विमानमार्गदर्शन व पाणबुड्यांशी संपर्क अशा कामांकडे राहिल्या.

हौशी मंडळींचे या लहरींकडे औपचारिक पुनरागमन अलीकडचे आहे. २००७ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा सुमारे २,२०० मीटर लांबीचा पट्टा, आणि २०१२ सालच्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा सुमारे ६३० मीटर लांबीचा पट्टा हौशी सेवेस दुय्यम तत्त्वावर दिला. काटेकोर वर्गीकरणाप्रमाणे यांपैकी दुसरा पट्टा मध्यमलहरींत मोडतो. परंतु अडचणी समान असल्यामुळे दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे आहे. आकाशकातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीवर दोन्ही पट्ट्यांत सामान्यतः १ वॅटची मर्यादा आहे. दुसऱ्या पट्ट्यात काही प्रदेशांना ५ वॅटपर्यंत सवलत आहे.

उंचीचा हिशेब

१ वॅट ही मर्यादा पाहून काम सोपे वाटेल; पण तेवढी शक्ती बाहेर पाडणे हीच खरी कसोटी होय. १३७ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २,१९० मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढा उभा आकाशक करावयाचा म्हटल्यास त्याची उंची ५०० मीटरांवर जाईल. घराच्या अंगणात फार तर १२ मीटर उंचीचा खांब उभा राहतो. त्याच्या माथ्यावर आडवी तार ताणून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी रचना केली, तरी त्याचा प्रारण-रोध, म्हणजे शक्तीचे लहरींत रूपांतर करणारा रोध, एका ओहमच्या विसाव्या भागाहूनही थोडा कमीच येतो. उलट जमीन व वेटोळे यांतील व्यय करणारा रोध सहज ६० ओहम असू शकतो. अशा वेळी प्रेषकाने १०० वॅट दिले, तरी सुमारे ८ शतांश वॅट बाहेर पडतो. उरलेल्या शक्तीने माती व तार तापते. ४७५ किलोहर्ट्झवर हाच आकाशक बारा पटींनी सुधारतो. तेथे व्यय-रोध ३० ओहम धरल्यास सुमारे २ वॅट बाहेर पडतात. नवशिक्याने ६३० मीटरांच्या पट्ट्यापासून आरंभ करणे इष्ट, ते याच कारणास्तव.

टेकडी का उपयोगी नाही, याचाही उलगडा येथेच होतो. महत्त्व आकाशकाच्या पायाखालील भूमीपासून मोजलेल्या उंचीस असते, समुद्रसपाटीपासून मोजलेल्या उंचीस नव्हे. माथ्यावर नेल्याने १२ मीटरांचा खांब १२ मीटरांचाच राहतो. भरीस त्याच्या पायाखाली कोरडा खडक येतो. शिवाय किल्ला ही ऐतिहासिक वास्तू असल्याने तेथे खुंट ठोकणे अनुचित होय.

भूमी हाच अर्धा आकाशक

लहान उभ्या आकाशकाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन. तारेतून वर गेलेला विद्युतप्रवाह भूमीतून परततो. आणि तो किती खोल पसरतो, हे भूमीच्या वाहकतेवर अवलंबून असते. १३७ किलोहर्ट्झवर ओलसर मातीत ही खोली सुमारे १४ मीटर, तर तिच्या दशांश वाहकतेच्या भूमीत सुमारे ४३ मीटर येते. म्हणजे प्रयोगकर्त्याचा संबंध वरच्या मातीच्या थराशीच नव्हे, तर खालच्या खडकाशीही येतो.

या दृष्टीने धुळे जिल्ह्याची भूमी अभ्यासनीय आहे. दक्षिणेकडील भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असून धुळे–नंदुरबार परिसर त्यातील उभ्या शिलाभित्तींच्या समूहासाठी भूशास्त्रज्ञांना परिचित आहे. उत्तरेस तापीच्या खोऱ्यात नदीच्या गाळाचे जाड थर आढळतात. कोरड्या मुरमाच्या माळावर आणि विहिरीजवळच्या काळ्या मातीत तीच रचना उभारून व्यय-रोध मोजला, तर मिळणारा फरक हा प्रदेशाविषयीचे खरेखुरे ज्ञान होय.

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सोनगीरचे नाव खानदेशात प्रसिद्ध आहे. तेव्हा तांब्याचा एक जाड पत्रा खोल पुरला म्हणजे काम भागले, असा समज होणे शक्य आहे. पण तो बरोबर नाही. पुरलेल्या पत्र्याजवळ सर्व प्रवाह एकवटतो व भोवतालच्या मातीत शक्तीचा व्यय होतो. तेवढ्याच तांब्याच्या बारीक तारा करून त्या खांबाभोवती चक्राच्या आऱ्यांप्रमाणे पसरल्या, तर प्रवाह विभागला जातो व व्यय घटतो. येथे तांब्याच्या वजनापेक्षा त्याचा विस्तार महत्त्वाचा.

प्रथम श्रवण

प्रेषणाची अशी अवस्था असल्यामुळे आरंभ ग्रहणापासून करावा, हेच श्रेयस्कर. त्यासाठी उंच खांब लागत नाही. एक मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर वेष्टित तारेचे सुमारे २० वेढे घेतले आणि सुमारे १,००० पिकोफॅरडचे धारित्र जोडले, की १३७ किलोहर्ट्झच्या आसपास जुळणारा आकाशक तयार होतो. नेमकी जुळणी बदलत्या धारित्राने साधावी. चौकट फिरवून एखाद्या दिशेकडील गोंगाट जवळजवळ नाहीसा करता येतो, हा तिचा विशेष गुण.

याहूनही सोपी पहिली पायरी आहे. संगणकाचा ध्वनिप्रवेश सेकंदास ४८,००० नमुने घेत असेल, तर तो २४ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी सरळ नोंदवू शकतो. चौकट व एक साधा प्रवर्धक त्यास जोडल्यास तमिळनाडूतील नौदलाच्या ‘आयएनएस कट्टबोम्मन’ केंद्राचा १८.२ किलोहर्ट्झचा संकेत आणि ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केप येथील १९.८ किलोहर्ट्झचा संकेत टिपण्याचा प्रयत्न करता येतो. सोनगीरहून पहिले केंद्र सुमारे १,४०० आणि दुसरे सुमारे ६,४०० किलोमीटर दूर आहे. यांतील संदेश गुप्त असतात व ते उलगडण्याचा प्रश्नच नाही. मोजावयाची असते ती संकेताची तीव्रता. सूर्यावर ज्वाला उसळली, की क्ष-किरणांमुळे आयनांबराच्या खालच्या थराचे आयनीभवन वाढते आणि ही तीव्रता काही मिनिटांत बदलून पुढे हळूहळू पूर्ववत होते. चौकट, प्रवर्धक व नोंदवही एवढ्या साहित्यावर सूर्याचे हे निरीक्षण शक्य आहे.

श्रवणाचा शत्रू म्हणजे गोंगाट. आणि तो दोन प्रकारचा असतो. पहिला विजांचा. मे–जूनमधील वळवाच्या दिवसांत तो असह्य होतो, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील रात्री तुलनेने शांत असतात. दुसरा मानवनिर्मित: एलईडी दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, सौर इन्व्हर्टर व मोटारींचे नियंत्रक यांचा. गावातील वीज बंद असेल त्या वेळी ग्राही बॅटरीवर चालवून पाहावा. वीज असतानाची व नसतानाची नोंद शेजारी ठेवली, म्हणजे गोंगाटापैकी आकाशाचा किती व गावाचा किती, हे स्पष्ट होते. त्या अल्प वेळेसाठी खानदेशातील खेडे महानगरास दुर्लभ अशी प्रयोगशाळा बनते.

मंद संकेताची युक्ती

क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढावयाचा उपाय म्हणजे वेग कमी करणे. साधारण गतीच्या मोर्स संकेतातील बिंदू सेकंदाच्या दशांशाएवढा असतो. तोच ३० सेकंद लांबविल्यास पट्टी ३०० पटींनी अरुंद करता येते व सुमारे २५ डेसिबलांचा लाभ होतो. कानाला असा संकेत समजत नाही. संगणकाच्या पडद्यावर तो रेषेच्या रूपाने वाचावा लागतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ साली प्रसृत केलेली ‘विस्पर’ पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. तीत केंद्राचे चिन्ह, स्थान व शक्ती एवढाच मजकूर जवळजवळ दोन मिनिटे, केवळ ६ हर्ट्झ रुंदीत पाठविला जातो.

परवाना व सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय वाटप म्हणजे प्रत्येक देशातील परवानगी नव्हे. भारतात प्रेषणासाठी केंद्र शासनाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. कोणत्या पट्ट्यात, किती शक्तीने प्रेषण करावयाचे, हे त्याच्या अटींवरून ठरते; त्या तपासल्यावाचून प्रेषकास हात लावू नये.

दुसरी दक्षता जिवाची. वर वर्णिलेला आकाशक १३७ किलोहर्ट्झवर जुळविण्यास सुमारे ६ मिलिहेन्रीचे वेटोळे लागते आणि १०० वॅट दिले असता त्याच्या वरच्या टोकाशी सुमारे ७ हजार व्होल्टचा दाब येतो. वेटोळे मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर, कुंपणात असावे. वीजवाहक तारांच्या जवळपास आकाशक उभारू नये. आणि ढग दिसताच तो ग्राहीपासून सोडवून भूमीस जोडावा.

आरंभीच्या वर्षाचा कार्यक्रम यावरून निश्चित करता येतो. पहिल्या हिवाळ्यात चौकट बांधून रोज ठराविक वेळी तीव्रता नोंदवावी; उन्हाळ्यात गावातील गोंगाटाचा नकाशा तयार करावा; पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर भूमीचा रोध मोजावा. प्रेषणाचा परवाना हाती येईपर्यंत आकाशकाची जागा कोणती, हा प्रश्न तर्कावर न राहता नोंदवहीतील आकड्यांवरून सुटलेला असेल. आणि प्रेषण पुढे कधी झाले नाही, तरी वर्षभराच्या त्या नोंदी कोणत्याही भौतिकशास्त्र विभागाने जतन कराव्यात अशाच ठरतील.